काच, फिल्म आणि डेव्हलपर : सिकंदराबादच्या व्यक्तिचित्रणाचा रासायनिक इतिहास

कृष्णधवल व्यक्तिचित्राची चर्चा बहुधा प्रकाशयोजना, बैठक आणि भिंग यांच्याभोवती फिरते. त्वचेला कोणती छटा मिळते, ओठ काळे उमटतात की फिके, पागोट्याच्या घडीतील सावली उरते की बुजते, हे मात्र कॅमेऱ्याची झडप उघडण्यापूर्वीच केलेल्या दोन निवडींनी पुष्कळसे ठरलेले असते. पहिली निवड प्रकाशसंवेदी थराची असते, म्हणजे काचेवर किंवा फिल्मवर पसरलेल्या चांदीच्या क्षारांच्या लेपाची. दुसरी डेव्हलपरची असते, म्हणजे प्रकाश पडलेल्या त्या क्षारांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करणाऱ्या द्रावणाची. या दोन निवडींचा इतिहास युरोपातील प्रयोगशाळांच्या अंगाने बराच लिहिला गेला आहे, परंतु त्या प्रयोगशाळांत सिद्ध झालेली रसायने दख्खनच्या उन्हाळ्यात आणि दख्खनच्या माणसांच्या चेहऱ्यांवर कशी वागली, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. सिकंदराबाद हे त्या प्रश्नाचा विचार करण्यास फार योग्य ठिकाण आहे, कारण तेथे एकाच व्यवसायाला गोरे लष्करी अधिकारी, निजामाच्या दरबारातील उमराव, व्यापारी आणि त्यांची कुटुंबे अशा नाना वर्णांच्या गिऱ्हाइकांना एकाच काचेवर न्याय द्यावा लागत होता.

हुसेनसागराच्या उत्तरेस ब्रिटिश फौजेचा तळ पडला तो १७९८ च्या तैनाती फौजेच्या करारानंतर, आणि १८०६ मध्ये या वस्तीला तिसरे निजाम सिकंदर जाह यांच्या नावावरून सिकंदराबाद हे नाव मिळाले. छावणीमुळे तेथे युरोपीय मालाची बाजारपेठ आधीपासून होती. १८७४ मध्ये वाडी जंक्शनपासून निजामाच्या राज्यातील रेल्वे सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या बंदरात उतरलेली काच, भिंगे आणि रसायने थेट लोहमार्गाने येण्याची सोय झाली. छायाचित्रणासारख्या आयातीवर उभ्या असलेल्या धंद्याला ही सोय निर्णायक होती. मुंबईत या कलेचे शिक्षण त्याआधीच सुरू झालेले होते: १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी गृहस्थ या नव्या विद्येत पुढाकार घेऊ लागले.

सिकंदराबादला या इतिहासात जे स्थान मिळाले ते लाला दीनदयाळ यांच्यामुळे. १८४४ मध्ये मीरतजवळील सरधना येथे जन्मलेले, रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात आराखडे व अंदाजपत्रके करणारे अधिकारी म्हणून रुजू झाले आणि १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना आश्रय दिला आणि गव्हर्नर जनरलचे मध्य भारतातील प्रतिनिधी सर हेन्री डेली यांच्याशी त्यांचा परिचयही करून दिला. एका मराठी दरबाराचे हे ऋण दीनदयाळांच्या चरित्रात ठळकपणे नोंदवले गेले पाहिजे. १८८० च्या दशकाच्या मध्यास ते हैदराबादला आले, सिकंदराबादेत त्यांनी स्टुडिओ उघडला आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे निजामांनी त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. वेरूळची लेणी, दौलताबाद आणि औरंगाबादचा बीबी का मकबरा यांची त्यांच्या स्टुडिओने घेतलेली छायाचित्रे मराठवाड्याच्या वाचकाला परिचित असतात; व्यक्तिचित्रे हा मात्र त्याच स्टुडिओचा रोजचा व्यवसाय होता.

दीनदयाळांनी ज्या वर्षी कॅमेरा हाती घेतला त्या वर्षी सर्वत्र प्रचलित होती ती ओल्या कोलोडियनची पद्धत. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत, नायट्रेटयुक्त कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला चिकट द्रव, म्हणजे कोलोडियन, काचेवर ओतून सारखा पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, चित्र घेऊन, लगेच डेव्हलप करायची. थर वाळला की त्याची संवेदनशीलता संपत असे, आणि युरोपच्या थंड हवेत जे काम दहा-पंधरा मिनिटांत उरकणे पुरेसे होते ते दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्या निम्म्या वेळात उरकावे लागे. कारण ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसलाच उकळते आणि मे महिन्यात सिकंदराबादची हवा त्याहून अधिक तापलेली असते. पाण्याचाही प्रश्न होताच. विहिरीच्या पाण्यातील क्लोराइडे चांदीच्या द्रावणाशी संयोग पावून पांढरा साका धरतात, म्हणून पावसाचे साठवलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी जपून वापरावे लागे. डेव्हलपर म्हणून येथे फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, चालत असे. तो वेगाने काम करी, आणि बसलेल्या माणसाला काही सेकंद निश्चल राहावयास लावणाऱ्या या पद्धतीत वेग मोलाचा होता. मागे लोखंडी टेकू लावून डोके स्थिर ठेवण्याची चाल याच गरजेतून आली.

जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या आणि ही घाई संपली. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचवलेली ही कल्पना १८७० च्या दशकाच्या अखेरीस व्यापारी रूपात यशस्वी झाली. लंडनच्या पूर्वेस इलफर्ड येथे आल्फ्रेड हार्मन यांनी १८७९ मध्ये काढलेला कारखाना हा अशा काचा बनवणाऱ्यांपैकी एक. चांदीच्या ब्रोमाइडचे सूक्ष्म कण जिलेटिनमध्ये विखरून केलेल्या मिश्रणाला पायस म्हणतात. हे पायस काचेवर वाळवून पेटीत भरता येत असल्याने छायाचित्रकाराला काच स्वतः तयार करावी लागेना, आणि संवेदनशीलता कितीतरी पटींनी वाढल्याने लहान मुलांचीही चित्रे घेता येऊ लागली. दीनदयाळांचा व्यवसाय वाढला तो नेमका याच काळात. स्टुडिओत पुढे पन्नासहून अधिक माणसे कामाला होती आणि १८९६ मध्ये मुंबईतही शाखा निघाली. इतक्या मोठ्या प्रमाणावरचे काम ओल्या कोलोडियनवर चालवणे जवळजवळ अशक्य होते.

तथापि कोरड्या काचेने दख्खनला एक नवी अडचण दिली, आणि ती सोडवण्यात येथील डार्करूमचे खरे कौशल्य दिसते. जिलेटिन पाण्यात फुगते आणि पाणी तिशीच्या अंशांत गेले की मऊ होऊन काचेवरून सुटू लागते; थराच्या कडा झालरीसारख्या उचलल्या जातात, चेहऱ्यावर सुरकुत्या पडतात, आणि क्वचित संपूर्ण प्रतिमा मोरीत वाहून जाते. त्या काळच्या माहितीपुस्तकांत उष्ण प्रदेशांसाठी जे उपाय दिले आहेत त्यांत रात्री किंवा पहाटे डेव्हलप करणे, तबके बर्फात ठेवणे आणि काच तुरटीच्या द्रावणातून काढून थर घट्ट करणे हे प्रमुख होते. यांतील प्रत्येक उपायाचा परिणाम छटांवर होतो: थंड पाण्यात डेव्हलपर मंदावतो, तुरटीने घट्ट झालेल्या थरात तो हळू शिरतो, आणि घाईने बाहेर काढलेल्या काचेवर सावल्यांतील तपशील उमटतच नाही. म्हणजे हवामानाचा ठसा थेट चेहऱ्यावर पडत होता.

काचेची दुसरी मर्यादा रंगांची होती. साध्या ब्रोमाइड काचेला केवळ निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश कळतो. हिरवा, पिवळा आणि तांबडा तिच्या लेखी जवळजवळ अंधार असतो. याचे परिणाम सिकंदराबादच्या व्यक्तिचित्रांत जितके विविध होते तितके लंडनमध्ये नव्हते. छावणीतील गोऱ्या सैनिकाचा लाल डगला जवळजवळ काळा उमटे, त्याचे निळे डोळे पाण्यासारखे फिके दिसत, आणि उन्हाने लालसर झालेल्या कातडीवरचा प्रत्येक ठिपका गडद होई. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबड्या-पिवळ्याचा वाटा मोठा आणि निळ्याचा लहान असल्याने ती त्वचा प्रत्यक्षापेक्षा बरीच काळी उमटे. कपाळावरचे कुंकू काळा ठिपका होई, हळदीचा पिवळा रंग काळवंडे, तर निळे पागोटे पांढरट निघे. जुन्या चित्रांतून वर्णाविषयी निष्कर्ष काढणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात वांशिक वर्गीकरणासाठी छायाचित्रांचा जो उपयोग झाला त्यात काचेची ही रंगांधता माणसांच्या माथी मारली गेली, आणि हा अन्याय आजही पुरता उलगडून सांगितला जात नाही.

या मर्यादेत चांगल्या छायाचित्रकाराजवळ उपाय होते, आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाचा उपाय डेव्हलपरचा होता. त्या काळच्या व्यक्तिचित्रकारांचा आवडता डेव्हलपर म्हणजे पायरो, अर्थात पायरोगॅलॉल. पायरो, पोटॅशियम ब्रोमाइड आणि अमोनिया किंवा धुण्याचा सोडा अशा तीन वेगळ्या बाटल्या ठेवून प्रत्येक काचेसाठी त्यांचे प्रमाण बदलता येत असे: अल्कली वाढवला की काम वेगाने होई आणि सावल्या उजळत, ब्रोमाइड वाढवले की धुरकटपणा आवरला जाऊन विरोध वाढे, पायरो कमी केले की प्रतिमा मऊ राही. साध्या काचेला तांबडा दिवा दिसत नसल्याने त्या दिव्याच्या उजेडात प्रतिमा उमटताना पाहता येत असे, आणि कारागीर काच उचलून, दिव्यासमोर धरून, डोळ्यांच्या अंदाजाने तबक थांबवत असे. सावळ्या चेहऱ्यासाठी प्रकाशाला अधिक वेळ द्यायचा, मग डेव्हलपर पातळ करून पांढऱ्या अंगरख्याची बाजू आवरायची, हा त्यातला मुख्य हिशेब होता. चेहरा आणि वस्त्र यांतील अंतर कमी करण्याचा त्याहून खात्रीचा उपाय त्या साधनांत नव्हता. अंतर प्रमाणाबाहेर असेल तेव्हा पोशाखाची निवड किंवा प्रकाशाची दिशा बदलणे, एवढेच हाती उरे.

डेव्हलपरची निवड कागदावरही अवलंबून होती, आणि हा दुवा बहुधा दुर्लक्षित राहतो. त्या काळची बहुतेक चित्रे अल्ब्युमेन कागदावर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर, काच प्रत्यक्ष टेकवून उन्हात छापली जात. उन्हात छापताना कागदाचा काळा होत गेलेला भाग स्वतःच पुढील प्रकाश अडवतो, त्यामुळे या कागदाला अतिशय दाट आणि तीव्र विरोधाची निगेटिव्ह लागते. तिच्यावरून निघालेली प्रत मात्र मृदू आणि दीर्घ छटांची असते. पायरो येथे दुहेरी उपयोगी पडे, कारण तो चांदीबरोबर पिवळसर-तपकिरी डागही मागे ठेवतो आणि निळ्या प्रकाशालाच ओळखणाऱ्या कागदाला तो डाग अधिक दाट वाटतो. पुढे ब्रोमाइड कागद आणि त्यावरील विस्तारित प्रती रूढ झाल्या तेव्हा इतकी दाट निगेटिव्ह निरुपयोगी ठरली, आणि कारागिरांना हाताचा सगळा सराव नव्याने घडवावा लागला.

जे डेव्हलपरने साधत नसे ते पेन्सिलीने साधले जाई. चेहऱ्यावरील तांबूस डाग आणि वण निगेटिव्हवर पारदर्शक राहतात व प्रतीवर काळे छापले जातात. म्हणून वार्निश दिलेल्या काचेवर टोकदार शिशाने बारीक रेघा भरून ते भाग दाट केले जात. रिटचिंग नावाचे हे काम स्वतंत्र कारागिराचे असे आणि मोठ्या स्टुडिओत त्याला मान असे. यात अतिरेकही पुष्कळ झाला आणि कित्येक चेहरे गुळगुळीत, वयहीन होऊन बसले. परंतु काचेच्या दोषामुळे आलेला काळेपणा दूर करणे आणि माणसाला खोटे गोरे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगल्या रिटचरच्या हातात पहिलीच घडत असे.

१८९२ मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला आणि त्याची व्यवस्था श्रीमती केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे सोपवली. सामाजिक इतिहासात या स्टुडिओचा उल्लेख नेहमी येतो. छटांच्या दृष्टीनेही तो लक्षणीय आहे, कारण जरीची वस्त्रे, दागिने, सुरम्याने रेखलेले डोळे आणि पानाने रंगलेले ओठ यांचे चित्रण करणे हे निळा प्रकाशच ओळखणाऱ्या काचेची सर्वांत कठीण परीक्षा घेणारे होते: जर चमकून पांढरी होई, ओठ काळे पडत.

या रंगांधतेवर उपाय बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांच्या १८७३ मधील शोधातून निघाला. पायसात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली असता ते हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही प्रतिसाद देते, असे त्यांना आढळले, आणि १८८० च्या दशकात अशा ऑर्थोक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. त्यांना तांबडा रंग अजूनही दिसत नव्हता, तरी पिवळे फिल्टर लावून घेतलेल्या चित्रात गव्हाळ त्वचा आणि हळदीचे रंग बरेच खरे उतरू लागले. शिवाय लाल दिव्याखाली काम करण्याची सोय टिकली. सर्व रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक काच रॅटन अँड वेनराइट यांनी १९०६ मध्ये विक्रीस आणली. तिच्यामुळे त्वचा उजळली आणि वण फिके झाले, पण तिला पूर्ण अंधारात हाताळावे लागे. डोळ्याने पाहून डेव्हलप करण्याची कारागिरी तेथे संपली आणि घड्याळ व तापमापक यांचा कारभार सुरू झाला. स्टुडिओचे कारागीर यामुळेच ऑर्थो काचेला आणि पुढे ऑर्थो फिल्मला दीर्घकाळ चिकटून राहिले. त्यांच्या त्या आग्रहाला मागासपणा म्हणणे चुकीचे ठरेल, कारण पुरुषाच्या रापलेल्या चेहऱ्याचा पोत ऑर्थोवर जसा उठतो तसा पॅनक्रोमॅटिकवर उठत नाही. विजेच्या दिव्यांनी हा प्रश्न आणखी वळवला. तारेच्या दिव्याच्या प्रकाशात तांबड्याचे प्रमाण फार असते, त्यामुळे पॅनक्रोमॅटिक फिल्मवर ओठ चेहऱ्यात मिसळून जात आणि ते गडद रंगवून घ्यावे लागत.

दीनदयाळ ५ जुलै १९०५ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांच्या अखेरच्या पंधरा वर्षांत डेव्हलपरांचे जगही बदलले होते: हायड्रोक्विनोन १८८० पासून माहीत होते, १८९१ मध्ये मेटॉल आणि रोडिनल बाजारात आले. मेटॉल सावल्यांतील तपशील लवकर उमटवतो पण दाटपणा कमी देतो. हायड्रोक्विनोन दाटपणा आणि विरोध देतो, थंडीत निष्क्रिय होतो आणि उष्णतेत अनावर होतो. दोन्ही एकत्र केले असता ते एकमेकांना पूरक ठरतात, आणि विसाव्या शतकातील बहुतेक डेव्हलपर याच जोडीवर उभे आहेत. कोडॅकचा १९२७ मधील डी-७६ हा त्यांपैकी सर्वांत टिकाऊ: एक लिटर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि २ ग्रॅम टाकणखार, इतके साधे त्याचे सूत्र आहे, आणि ते तराजूवर तोलून कोणत्याही गावी तयार करता येत होते. मात्र या सूत्राबरोबर छापलेल्या वेळा २० अंशांसाठी असत. तापमान एक अंशाने वाढले की वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटतो, आणि तीस अंशांच्या पाण्यात तो इतका आखूड होतो की द्रावण फिल्मवर सारखे पसरण्यापूर्वीच काम संपते. म्हणून उष्ण प्रदेशातील डार्करूममध्ये डेव्हलपर पातळ करणे, थर फुगू नये म्हणून त्यात सोडियम सल्फेट घालणे आणि नंतर क्रोम तुरटीत फिल्म बुडवणे, हे उपाय काचेच्या काळातील उपायांचेच वारस म्हणून चालू राहिले. हायड्रोक्विनोनचे प्रमाण कमी ठेवणे हेही व्यक्तिचित्रासाठी हितकारक होते, कारण उन्हाळ्यात त्याच्या जोराने गालाचा उजळ भाग खडूसारखा पांढरा होऊन जातो.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे निवडीचा प्रश्नच वेगळा झाला. कोडॅकची ट्राय-एक्स किंवा इलफर्डची एचपी आणि एफपी मालिका यांची नावे सर्वांना ठाऊक होती, पण त्या मिळतील तेव्हा आणि मिळतील त्या भावाने घ्याव्या लागत. रुपयांत चालणाऱ्या व्यापार-करारांमुळे पूर्व जर्मनीच्या वोल्फेन येथील ऑर्वो फिल्म भारतभर पोहोचली. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन होऊन उटकमंड येथे १९६७ पासून ‘इंदू’ या नावाने देशी कृष्णधवल माल काढू लागली. कारखान्यासाठी निलगिरीची थंड, धूळरहित हवा निवडली गेली, यामागे जिलेटिनचाच तो जुना स्वभाव होता. पासपोर्टचा फोटो, लग्नासाठी पाठवायचा फोटो आणि कुटुंबाचा समूहफोटो यांवर चालणाऱ्या स्टुडिओला फिल्मच्या नावापेक्षा तिचे सातत्य अधिक महत्त्वाचे असते; एकच फिल्म आणि एकच डेव्हलपर वर्षानुवर्षे धरून ठेवणाऱ्याला ऋतुमानाप्रमाणे वेळ किती कमी-जास्त करायचा हे नेमके कळते, आणि व्यक्तिचित्रणात ब्रँडच्या वादांपेक्षा ही जाण केव्हाही श्रेष्ठ मानली पाहिजे. १९८० च्या दशकात रंगीत फिल्म आणि यंत्रावर छापून देणाऱ्या प्रयोगशाळा पसरल्या, तेव्हा स्टुडिओची स्वतःची डार्करूम अनावश्यक ठरली.

दीनदयाळांच्या स्टुडिओतील २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने संपादित केल्या. अशा जुन्या काचा आज ज्या पद्धतीने छापल्या किंवा स्कॅन केल्या जातात तिच्यात वरील रसायनशास्त्राचा विचार झाला नाही तर चेहरे बदलतात. उन्हात छापण्यासाठी दाट केलेली निगेटिव्ह आधुनिक ब्रोमाइड कागदावर उतरवली की मधल्या छटा गळून जातात आणि गव्हाळ चेहरा काळा व कठोर होतो. ज्या काचांवर पायरोचा पिवळसर डाग आहे त्या साध्या करड्या छटांत स्कॅन केल्यास तो डाग हिशेबात येत नाही आणि प्रतिमा फिकी पडते, तर निळ्या प्रकाशात वाचल्यास ती मूळ कारागिराने योजलेल्या दाटपणाने समोर येते. सहाव्या निजामांच्या कारकिर्दीतील माणसांची वर्णछटा त्यांच्या स्वतःच्या हयातीत गिऱ्हाइकाच्या हाती पडलेल्या प्रतीवर कशी होती, हे पाहायचे असेल तर त्याच काळच्या अल्ब्युमेन प्रतींशी निगेटिव्ह ताडून पाहणे हाच मार्ग आहे, आणि ते करताना काच कोणत्या प्रकारची व डेव्हलपर कोणता, याची नोंद संग्रहाच्या सूचीत विषय आणि तारखेच्या शेजारी असणे गरजेचे आहे.